एगॉनच्या आईचे सुतक

शरद ऋतूत आमचे नवे वर्ष सुरू होते. त्याच्या आधी आपापल्या मृतांच्या थडग्यांवर जाऊन यायची आमच्यात रीत आहे. ज्यांच्या माणसांना थडगी आहेत ते कबरस्तानात जातात. ज्यांच्या माणसांना नाहीत ते तेरेझीनला जातात. चेक देशातल्या तेप्लित्सेच्या आमच्या लहानशा ज्यू समाजात दुसऱ्या प्रकारचेच लोक जास्त. म्हणून रविवारच्या माझ्या वर्गातल्या मुलांनाही मी दरवर्षी तेरेझीनला नेते. युद्धात जर्मनांनी ते गाव रिकामे करून आम्हाला तिथे कोंडले होते. मीही मुलगी असताना तिथे होते. आता तिथे पुन्हा लोक राहतात, बेकरी आहे, बायका खिडकीत गाद्या वाळत घालतात.

माझ्या मदतीला दरवर्षी एगॉन कात्स यायचा. काचेच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याचे काम ठरलेले. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर लिंडनच्या झाडाखाली एक बाक आहे, त्यावर बसायचे आणि मुलांच्या पिशव्या सांभाळायच्या. फाटकाच्या आत तो कधी आला नाही, कारण एगॉन कोहेन होता.

कोहेन म्हणजे जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातल्या पुरोहितांचे वंशज. मंदिर पडून जवळजवळ दोन हजार वर्षे झाली, पण त्यांचे सोवळे काही संपलेले नाही. कोहेनने मृताजवळ जायचे नाही, कबरस्तानात पाऊल टाकायचे नाही. याच्या जोडीला त्याला एक मान असतो. मोठ्या सणाला शाल डोक्यावरून ओढून, दोन्ही हात उचलून तो सगळ्यांना आशीर्वाद देतो. आमच्या प्रार्थनेच्या खोलीत असा माणूस हा एकच. कम्युनिस्टांच्या काळात आपण कोण हे त्याने शेजाऱ्यालासुद्धा सांगितले नव्हते. ती राजवट गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, तो हे सगळे शिकला आणि शाळकरी मुलासारखे काटेकोर पाळू लागला. आशीर्वाद चालू असताना कोहेनच्या हातांकडे बघायचे नसते. मी बघायची.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. बस निघाल्यावर तो नेहमीसारखा ड्रायव्हरशी फुटबॉलवर भांडत बसला नाही. माझ्या शेजारी येऊन बसला.

“मिना, मी त्या अँटवर्पच्या रब्बींना फोन केला होता.” रब्बी म्हणजे आमचे धर्मशास्त्र जाणणारे गुरू.

“काय झालं?”

“काही नाही. विचारलं. आईकडे जाता येईल का म्हणून.”

एगॉनची आई त्रेचाळीसच्या हिवाळ्यात तेरेझीनमध्ये टायफॉइडने गेली. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिला पुरले नाही. त्या वेळेपर्यंत माणसे इतकी मरत होती की कबरस्तानाच्या मधोमध भट्ट्या बांधल्या होत्या. राख पुठ्ठ्याच्या डब्यांत भरून ठेवत. युद्धाच्या शेवटच्या शरद ऋतूत जर्मनांनी ते हजारो डबे ओहर्झे नदीत ओतायला लावले.

“मग? काय म्हणाले रब्बी?”

“दोन दिवस पुस्तकं चाळली बिचाऱ्यांनी. मग स्वतःहून फोन केला. म्हणाले, कबरस्तानात जायचं नाही, तिथं इतर लोक पुरलेले आहेत. पण नदीवर खुशाल जा. राखेला विटाळ नसतो. शास्त्राच्या हिशेबानं राख म्हणजे देह नाही. देहच नाही तर विटाळ कशाचा?”

“चांगलंच झालं की.”

“हो ना. आवाजावरून खूश होते ते. मला काहीतरी दिल्यासारखं.” तो खिडकीबाहेर बघू लागला. “मीही आभार मानले. फोन ठेवला आणि मला इतका राग आला, मिना, की मी कॉफीचा कप सिंकमध्ये फोडला. परवानगी मिळाली आणि राग आला! मला काही कळत नाहीये. तू शिक्षिका आहेस, तू सांग.”

मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, हे मी त्यांना सांगत आले. त्या दिवशी मात्र मी नुसतीच मान हलवली.

आधी आम्ही नदीवर गेलो. मुले उतारावरून धावत खाली गेली. पाणी तपकिरी होते आणि सावकाश वाहत होते. पलीकडे एक माणूस गळ टाकून बसला होता. मी मुलांना डब्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकताना मुले पाण्याकडे बघतात, मग एकमेकांकडे, मग पुन्हा पाण्याकडे. त्यांना तिथे काहीतरी दिसायला हवे असते.

एगॉन वर रस्त्यावरच उभा होता.

“कात्स आजोबा!” तोबियाश ओरडला. हा आमच्या वर्गातला वाचाळ. “इथं फाटकबिटक नाहीये! या की खाली!”

“इथं मला परवानगी आहे रे.”

“मग या ना!”

“परवानगी आहे म्हणूनच येत नाही.”

तोबियाशने माझ्याकडे पाहिले. “बाई, आजोबांचं काहीतरी बिघडलंय.”

“माझे आजोबा आहेत ते,” नोएमी म्हणाली. “तुझं तोंड बिघडवीन.” नोएमी एगॉनची नात, दहा वर्षांची, दोन वेण्यांची.

मी वर गेले. एगॉनने टोपी हातात धरली होती.

“बघ,” तो म्हणाला, “इतकी वर्षं त्या बाकावर बसायचो तेव्हा काय वाटायचं सांगू? मला आत जाता येत नाही, कारण आत माणसं आहेत. माझी आईसुद्धा त्यातलीच. ती आहे म्हणून मी बाहेर. समजतंय? भिंतीपलीकडे बसल्यासारखं. आणि आता रब्बी म्हणतात, नदीत कोणी नाही. जा, पाय बुडव. अरे, मग माझी आई कुठाय? त्यांनी तिची राख केली, आणि आपल्या शास्त्रानंही सांगितलं की राख म्हणजे कोणी नाही. दोघांचं एकच म्हणणं?”

“तसं नाही रे. हे विटाळाचं माप आहे, माणसाचं नाही.”

“ठाऊक आहे. डोक्याला ठाऊक आहे.” त्याने टोपी घातली, पुन्हा काढली. “मी इथं होतो, तुला माहितीये? डबे द्यायच्या रांगेत. सात वर्षांचा. हातोहात डबे यायचे, आपण पुढच्याला द्यायचे. डब्यांवर नावं होती. शेजारची मोठी मुलं वाचत होती, कोणी म्हणत होतं माझी आजी, माझी आजी. मला वाचता येत नव्हतं. शाळाच कुठे होती? मी प्रत्येक डब्याकडे बघायचो आणि पुढे द्यायचो.”

हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. मीही त्या रांगेत होते, पण दुसऱ्या टोकाला, डबे जिथून निघत त्या भिंतीजवळ. मला वाचता येत होते. तेही मी त्याला कधी सांगितले नव्हते, आणि तेव्हाही सांगितले नाही.

मग आम्ही कबरस्तानापाशी आलो. एगॉन बाकावर बसला. मुलांनी पिशव्या त्याच्या पायाशी टाकल्या. तोबियाशने आपल्या पिशवीतला खसखशीचा केक खाऊन टाकू नका अशी ताकीद दिली. नोएमी मात्र आत जाईना.

“बाई, आजोबांनी आत गेलं तर नक्की काय होईल?”

“त्यांना विटाळ होईल.”

“म्हणजे काय होतं? दुखतं?”

“दुखत नाही. पण मुद्दाम नियम मोडलेल्या कोहेनला आशीर्वाद देता येत नाही. दोन आठवड्यांवर योम किप्पुरचा मोठा उपास आलाय. तेव्हा तुझ्या आजोबांना हात उचलता येणार नाहीत.”

“आणि नाही उचलले तर?”

“तर आपल्याकडे दुसरं कोणी नाही.”

ती विचारात पडली. मुले विचारात पडली की मला थांबवत नाही. सवयीने मी पुढेही सांगितले, “पण नियमात सूट आहे हं. जवळचं माणूस गेलं तर कोहेननंही त्याच्यासाठी विटाळ घ्यायचा. नुसता चालतो असं नाही, घ्यायचाच. आपल्या तोरा ग्रंथात ती माणसं सांगितली आहेत. पहिलं कोण, माहितीये? आई.”

“मग?” नोएमीने हात पसरले. “मग आजोबा जाऊ शकतात की!”

“नाही गं. ती सूट पुरेपर्यंतच. एकदा पुरलं, थडगं बंद झालं, की संपलं.”

बोलता बोलता मी काय म्हणतेय ते माझे मलाच ऐकू आले. एगॉनने मान वर केली. नोएमी त्याच्याकडे वळली.

“आजोबा, तुमच्या आईला पुरलंय?”

एगॉनने पायाशी पडलेली एक पिशवी उगाच सरळ केली.

“नाही ना? तुम्हीच सांगितलंत, नाही पुरलं म्हणून. मग तुमची सूट चालूच आहे.”

“चूप गं,” मी म्हणाले, पण फार हळू.

“मिना,” एगॉन म्हणाला, “हे असं असू शकतं?”

“मला माहीत नाही.”

“तुला माहीत नाही?”

“नाही. रब्बींना विचार. गावात टेलिफोन बूथ आहे.”

“विचारलं तर नाही म्हणतील. पुस्तकात असेलच काहीतरी.”

पुस्तकात होतेच. मला ते ठाऊक होते आणि मी ते सांगितले, कारण न सांगणे मला जमत नाही. “ज्यांचा देह परत मिळत नाही, त्यांच्यासाठी असं ठरवलंय की घरच्यांनी आशा सोडली त्या दिवशी पुरलं असं धरायचं. तिथून सुतक मोजायचं. म्हणजे तुझी सूट केव्हाच संपली.”

“आशा सोडली त्या दिवशी.”

“हो.”

“मी कधी सोडली?”

“ते मी कसं सांगू? तूच सांग.”

तो खरोखर आठवू लागला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “सहा वर्षांचं मूल आशा धरतं तरी का, मिना? मला कोणी सांगितलं नाही की पुरणार आहेत किंवा नाही. मला म्हणाले आई दवाखान्यात आहे. मग म्हणाले आई नाही. मग मी डबे दिले. युद्धानंतर मावशी न्यायला आली आणि तिनं विचारलं, भूक लागलीये का. या सगळ्यात मी आशा कुठं सोडली?”

मुले आता सगळीच फाटकापाशी जमली होती.

“आणि समज सूट चालू आहे,” तोच पुढे म्हणाला. आता तो स्वतःशीच वाद घालत होता. “तरी ती आईपुरती. भट्टी मधोमध आहे. तिथवर जायचं तर बाकीच्या हजारोंच्या मधून जावं लागेल. त्यांच्यासाठी कुठं मला सूट आहे?”

“त्यांना सांगा ना, जाऊ द्या म्हणून,” तोबियाश म्हणाला. “बसमध्ये म्हणतो तसं.”

कोणी हसले नाही. मग एगॉन हसला. उठला, पिशव्या बाकावर नीट लावल्या, कोटाची बटणे लावली. मला वाटते त्याने काही ठरवले नव्हते. तो इतका गोंधळला होता की बाकावर बसवेना, एवढेच.

“चूक असली तर?” मी विचारले.

“तर चूक. तू साक्षीदार.”

फाटकातून आत पाय टाकताना त्याने नोएमीचा हात धरला. आत खडीची वाट आहे, दोन्हीकडे नावांशिवायच्या लहान दगडांच्या रांगा. तो वाटेच्या अगदी मध्यावरून, कोपरे अंगाशी घेऊन, गर्दीतून जावे तसा चालला. तोंडाने पुटपुटत होता. नोएमीने मला नंतर सांगितले की तो खरोखरच “जाऊ द्या हं, आईकडे चाललोय” असे म्हणत होता.

भट्ट्यांची इमारत बुटकी आहे, आतून थंड. लोखंडी दारे, ढकलायच्या गाड्या, मोठमोठे नट-बोल्ट. एगॉन कारखान्यातला माणूस. त्याची नजर आधी यंत्रांवरच गेली, हे मी पाहिले. मग त्याने खाली पाहिले. मग वर. तो वाट पाहत असावा. मीही पाहत होते. आत काहीच झाले नाही. बाहेरून लॉन कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

“आता?” तो म्हणाला.

“आता काय?”

“आलो मी. आता काय करायचं? पुरायला तर काही नाही.”

पुरण्याच्या दिवशी मुलगा काय करतो हे मी आठवू लागले, वर्गात विचारल्यासारखे. “कपडा फाडतात,” मी म्हणाले. “आईसाठी डावीकडे. काळजापर्यंत.”

त्याने कोटाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. कोट फाटेना. चेकोस्लोव्हाकियाच्या जुन्या गिरणीचे जाड कापड ते. त्याने दात ओठ खाऊन ओढले. बटण उडून भट्टीखाली गेले.

“मी कापू?” तोबियाशने खिशातून चाकू काढला. हा चाकू त्याच्याकडे का होता ते मी नंतर विचारायचे ठरवले.

“सुरुवात करून दे फक्त,” मी म्हणाले. “पुढचं त्यांनी हातानं करायचं.”

तोबियाशने जीभ बाहेर काढून, फार काळजीने कडेला एक चीर दिली. एगॉनने पुन्हा ओढले. आता कापड फाटले. फाटतानाचा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला. लहानांतली दोन मुले माझ्या स्कर्टला चिकटली. एगॉन फाटक्या कडेकडे बघत राहिला आणि मग, साठ वर्षांचा माणूस, रडू लागला. तोंड उघडे टाकून, हुंदके न आवरता, लहान मूल रडते तसा. नोएमी घाबरली. मी तिला सांगितले, “रडू दे. आज पुरतायत ना. आज रडतात.”

त्या क्षणी मला ते खरे वाटत होते की मी नुसते म्हणत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग मी मुलांना घेऊन आधी बाहेर आले. पुरून परतणाऱ्या माणसासाठी लोक दोन रांगा करतात, आणि तो मधून जाताना त्याला सांत्वनाचे वाक्य म्हणतात: सियोन आणि जेरुसलेमसाठी शोक करणाऱ्या सर्वांबरोबर देव तुझेही सांत्वन करो. मुलांना मी खडीच्या वाटेवर दोन रांगांत उभे केले आणि वाक्य दोनदा म्हणून घेतले. तेवढ्यात एगॉन दारात आलाच. तो रांगांमधून निघाला. पहिल्या दोघांनी वाक्य बरोबर म्हटले. तिसरा अर्ध्यात अडकला. एक जण “देव तुझं भलं करो” म्हणाला. तोबियाश पूर्ण विसरला आणि म्हणाला, “आजोबा, वाईट झालं हो.” नोएमीने त्याच्या फाटक्या कोटाला नुसता हात लावला.

फाटकाबाहेर नळावर आम्ही सगळ्यांनी हात धुतले. बसमध्ये एगॉन माझ्या शेजारी बसला. गाव मागे पडल्यावर म्हणाला, “मिना, योम किप्पुरला माझं काय?”

मी तेच मनात जुळवून पाहत होते. “तू नियम मोडला असशील तर आशीर्वाद देता येणार नाही.”

“आणि मोडला नसेल तर?”

“मग आज तू आईला पुरलंस. तुला सुतक आहे. आई गेली की वर्षभर कोहेन आशीर्वादाला उभा राहत नाही, आपल्याकडची रीत. त्या वेळी बाहेर जाऊन थांबतो.”

“म्हणजे दोन्हीकडून नाहीच.”

“दोन्हीकडून नाही.”

त्याने मान डोलावली. कोटाची फाटकी कड तो बोटांनी चाचपत होता. “पण कारण कोणतं?” तो म्हणाला. “ते कोण ठरवणार?”

तो रब्बींना फोन करील असे मला वाटले होते. त्याने केला नाही.

योम किप्पुरच्या दिवशी आमची खोली भरली होती. उपासाने सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आशीर्वादाची वेळ जवळ आली तशी माणसे एगॉनकडे पाहू लागली. तो उठला, पण पुढे जाण्याऐवजी दाराकडे चालू लागला. शाल त्याने घडी करून काखेत धरली होती. दाराशी झिक्मुंड बसतो, खोलीच्या किल्ल्या सांभाळणारा, कानाने जरा कमी.

“कुठे निघालास?” तो मोठ्याने कुजबुजला. “तुझी वेळ झाली! बरं नाही का?”

“बरा आहे. मला सुतक आहे.”

“कोण गेलं?”

“आई.”

झिक्मुंडने कानामागे हात नेला. त्याला वाटले आपल्याला चुकीचे ऐकू आले. “कोण?”

“आई गेली माझी, झिक्मुंड,” एगॉन स्पष्ट आवाजात म्हणाला. “दोनच आठवड्यांपूर्वी पुरलं.”

झिक्मुंडने माझ्याकडे पाहिले, मग इतरांकडे. एगॉनच्या आईबद्दल आम्हा सगळ्यांनाच माहीत होते. शेवटी झिक्मुंडने खुर्चीवरून उठून एगॉनचा हात हातात घेतला आणि त्या प्रसंगी म्हणायचे ते वाक्य म्हटले, सावकाश, सगळे शब्द बरोबर. मग दार उघडून धरले. एगॉन जिन्यात जाऊन उभा राहिला. आत त्या वर्षी कोणी हात उचलले नाहीत.